वर्डचं पीडीएफ, पीडीएफचं वर्ड : कॉम्प्युटरवर फाइल बदलायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

जालना : अर्ज भरायला बसलं की कागद सगळे हाताशी असतात, पण पोर्टल फाइल घेत नाही. कुठं पीडीएफच पाहिजे, कुठं जेपीजीच पाहिजे, कुठं फाइल मोठी आहे म्हणून नाकारली जाते. सोसायटीची जुनी यादी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. पीडीएफचं वर्ड केलं तर काना-मात्रा उडून जातात. शेवटच्या तारखेला हे झालं तर अर्ज राहतो, आणि यादीतला खाते क्रमांक बिघडला तर अनुदान अडकतं.

जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत, म्हणजे जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा इथं, आता सेवा केंद्र, शाळा, सोसायटी, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी अशा ठिकाणी एखादा कॉम्प्युटर असतोच. त्यावर फाइल बदलायचं कोणतं सॉफ्टवेअर ठेवावं, कोणतं टाळावं आणि कोणती फाइल अजिबात बदलू नये, याची ही माहिती.

आधी हे समजून घ्या : फाइलचे चार प्रकार

सॉफ्टवेअर निवडायच्या आधी आपल्या हातात काय आहे ते ओळखलं पाहिजे. नुसत्या नावावरून ते कळत नाही, कारण विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा बहुतेक वेळा लपवून ठेवतं. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू' या मेनूत जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू केलं की तो दिसतो.

पहिला प्रकार लिहिण्या-दुरुस्त करण्याच्या फाइलचा. वर्डची 'डॉक' किंवा 'डॉक्सएक्स', लिबरऑफिसची 'ओडीटी' या त्यातल्या. 'डॉक्सएक्स' हा प्रकार मायक्रोसॉफ्टनं ऑफिस २००७ पासून आणला. त्यामुळं फार जुन्या ऑफिसमध्ये नवी फाइल थेट उघडत नाही.

दुसरा प्रकार पीडीएफ. अडोबी कंपनीनं हा १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. कागद जसा छापला तसा कुठंही दिसावा, हा त्याचा हेतू. म्हणजे पीडीएफ हा छापून झालेल्या कागदासारखा असतो. त्यात दुरुस्ती करणं अवघड जातं ते याचमुळं.

तिसरा प्रकार फोटोचा, म्हणजे जेपीजी आणि पीएनजी. स्कॅन केलेला कागद हा फोटोच असतो. तो पीडीएफच्या आत घातला तरी आतून फोटोच राहतो. पीडीएफ उघडून माउसनं ओळ निवडून बघा. अक्षरं निवडली गेली तर ती मजकुराची पीडीएफ, आणि पूर्ण पानावर चौकोन पडला किंवा काहीच निवडलं गेलं नाही तर ती फोटोची पीडीएफ.

चौथा प्रकार यादीचा, म्हणजे एक्सेल आणि सीएसव्ही.

एक चूक वारंवार होते. पोर्टल पीडीएफ मागतं म्हणून फोटोच्या फाइलचं नाव बदलून शेवटी 'पीडीएफ' लिहिलं जातं. नाव बदलल्यानं फाइल बदलत नाही. गव्हाच्या पोत्यावर ज्वारीची चिठ्ठी लावल्यासारखं ते आहे. पोर्टल एकतर फाइल नाकारतं, नाही तर घेतं आणि मग कार्यालयात ती उघडत नाही.

वर्डचं पीडीएफ करायला काही विकत घेऊ नका

सगळ्यात जास्त लागणारं काम हे, आणि सगळ्यात सोपंही. मायक्रोसॉफ्ट वर्ड २०१० आणि पुढच्या आवृत्त्यांत 'सेव्ह ॲज' मध्येच पीडीएफ निवडता येतं. विंडोज १० आणि ११ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' नावाचा प्रिंटर आधीपासून असतो. कोणत्याही प्रोग्राममधून प्रिंट देताना तो निवडला की कागदाऐवजी पीडीएफ निघते.

ज्यांच्याकडं ऑफिसचं लायसन्स नाही त्यांनी लिबरऑफिस घ्यावं. हे पूर्ण मोफत आहे, घरी वापरा की सोसायटीत. ओपनऑफिस या जुन्या सॉफ्टवेअरमधून २०१० मध्ये वेगळं होऊन ते तयार झालं आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. वर्ड, एक्सेलच्या फाइल त्यात उघडतात, मेनू मराठीतही करता येतात, आणि पीडीएफ काढायचं बटण वरच्या पट्टीतच असतं. इंटरनेट नसलं तरी चालतं. दिवसातून चार वेळा लाइट आणि नेट जाणाऱ्या गावात ही मोठी सोय आहे.

क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं ऑफिस टाकून देणारे पुष्कळ भेटतात. त्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं जातं. ज्या कॉम्प्युटरवर गावाची आधार आणि बँक पासबुकं स्कॅन होतात, त्यावर असं करणं म्हणजे वाड्याचं दार सताड उघडं ठेवून झोपणं आहे. मोफत आणि कायदेशीर पर्याय असताना त्याची गरजही नाही.

मराठी फाइल दुसऱ्याला पाठवायची असेल तर पीडीएफ करूनच पाठवा. वर्डची फाइल मोबाइलवर उघडली की तिथं तो फॉन्ट नसतो, मोबाइल स्वतःचा फॉन्ट लावतो आणि ओळी सरकतात. एका पानाचा ठराव दोन पानांवर जातो, सह्यांची जागा तुटते. पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलच्या आतच बसतो. जुन्या फाइलींत वापरलेला मंगल फॉन्ट विंडोज १० मध्ये काही वेळा आधीपासून नसतो. सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स' मध्ये देवनागरीचे पूरक फॉन्ट जोडले की तो येतो.

पीडीएफचं वर्ड : इथं मराठीची खरी परीक्षा

उलटं काम अवघड आहे. वर्ड २०१३ आणि पुढच्या आवृत्त्या पीडीएफ थेट उघडून तिचं वर्ड करतात. इंग्रजी मजकूर बऱ्यापैकी येतो. लिबरऑफिस पीडीएफ उघडतं, पण चित्रकामाच्या 'ड्रॉ' या भागात, आणि ओळींचे सुटे तुकडे पडतात. एखादी तारीख किंवा नाव दुरुस्त करायला ते बरं, पूर्ण पत्र पुन्हा लिहायला नाही.

मराठीची अडचण वेगळी आहे. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं साठवलेली असतात, आणि कोणतं चित्र म्हणजे कोणतं अक्षर याची यादी सोबत असते. जोडाक्षरांच्या बाबतीत ती यादी बऱ्याचदा अपुरी असते. त्यामुळं पडद्यावर शासन निर्णय स्वच्छ दिसतो, पण त्यातला परिच्छेद कॉपी करून वर्डमध्ये टाकला की 'क्षेत्र' चं भलतंच काही होतं. महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी हा दोष जातोच असं नाही, कारण दोष मूळ फाइलमध्ये असतो.

अशा वेळी ओसीआर कामाला येतं. ओसीआर म्हणजे फोटो बघून अक्षर ओळखणं. पानाचा फोटो काढल्यासारखं करून मजकूर नव्यानं वाचला जातो, मूळ फाइलमधली बिघडलेली यादी बाजूला राहते. टेसरॅक्ट नावाचं मोफत ओसीआर मराठी वाचतं. ते मूळ एचपी कंपनीत तयार झालं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. ते नुसतं वापरणं किचकट आहे, पण नॅप्स२ या मोफत स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये तेच आत बसवलेलं आहे. एकदा इंटरनेटवरून मराठी भाषा उतरवून घेतली की पुढं सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर होतं. स्कॅन करणं, पानं फिरवणं, क्रम लावणं, पीडीएफ करणं ही कामंही त्यात होतात.

दुसरा रस्ता गुगल ड्राइव्हचा. फाइल ड्राइव्हवर चढवून 'गुगल डॉक्स' मध्ये उघडली की मजकूर वाचला जातो, मराठीसुद्धा. त्यासाठी फाइल २ एमबीच्या आत ठेवावी असं गुगलचं सांगणं आहे. पण फाइल आपल्या कॉम्प्युटरबाहेर जाते, हे लक्षात ठेवा. शासन निर्णय, लग्नपत्रिका, शाळेची प्रश्नपत्रिका यासाठी हरकत नाही. कुणाचं आधार किंवा खरेदीखत असेल तर नको.

कोणतंही ओसीआर असलं तरी वाचून झाल्यावर माणसानं ताडलंच पाहिजे. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांची अदलाबदल होते. आकड्यांत तर फारच जपावं. क्षेत्र ०.८१ हेक्टर असताना ०.८७ झालं तर सहा आर जमीन कागदावर वाढली. गट क्रमांक, क्षेत्र, रक्कम, तारीख या चार गोष्टी मूळ कागदाशी बोट ठेवून मिळवून बघा.

जुन्या फाइल उघडल्या की चिन्हं का दिसतात?

सोसायट्या, शाळा, छापखाने, वकिलांची कार्यालयं इथं २०-२५ वर्षांच्या फाइल पडून आहेत. त्या बहुतेक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीत, सी-डॅकच्या आयएसएम सॉफ्टवेअरच्या सुरेख, योगेश अशा फॉन्टमध्ये, नाही तर कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या असतात.

या फॉन्टांनी एक युक्ती केली होती. कॉम्प्युटरला मराठी कळत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवली. फाइलमध्ये खरी साठवण इंग्रजी अक्षरांचीच असते. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसतं. फॉन्ट गेला की आतली इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं उघडी पडतात. फाइल खराब झालेली नसते, त्यामुळं घाबरून काढून टाकू नका.

युनिकोडमध्ये तसं नाही. त्यात 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर, मोबाइलवर तोच. म्हणून युनिकोडमधली मराठी व्हॉट्सॲपवर दिसते, शोधता येते, वर्णानुक्रमे लावता येते. आता पोर्टलवर अर्ज भरताना युनिकोडच लागतं.

जुनी फाइल युनिकोडमध्ये आणायला नेहमीचं पीडीएफ-वर्ड सॉफ्टवेअर चालत नाही. त्यासाठी फॉन्ट बदलणारं वेगळं साधन लागतं, आणि ते ज्या-त्या फॉन्टसाठी वेगळं असतं. कृतीदेवचं साधन सुरेखला चालणार नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे वर्डमध्ये मजकूर निवडून वर फॉन्टचं नाव काय दिसतं ते बघणं. श्री-लिपीच्या नव्या आवृत्त्यांत आणि आयएसएममध्ये अशी सोय आहे. इंटरनेटवरही मोफत साधनं मिळतात.

ते साधन खरं की कच्चं, हे ओळखायला हे शब्द टाकून बघा : स्थिती, विहीर, अर्ज, कर्ज, दुसऱ्या, शेतकऱ्यांना, ज्ञानेश्वर, क्षेत्र, श्रीमती, त्र्यंबक, बाळासाहेब, ऑगस्ट, बँक. यामागं कारण आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. 'अर्ज' मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये शेवटी येतो, युनिकोडमध्ये त्याचा 'र' आधी येतो. 'शेतकऱ्यांना' मधला आडवा 'र' आणि 'ळ' मराठीत पावलोपावली लागतो, आणि हिंदीसाठी केलेली साधनं नेमकी तिथंच अडखळतात. हे शब्द बरोबर आले तर साधन चालवायला हरकत नाही.

टेबल, ठळक अक्षरं, मध्येच आलेलं इंग्रजी हे या बदलात बिघडतं. इंग्रजी शब्दसुद्धा मराठी समजून बदलले जातात. म्हणून पानभर मजकूर आधी बदलून बघा, मग पूर्ण फाइल. नवं टाइप करताना मात्र युनिकोडच वापरा. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून आहे, इंग्रजी उच्चारानं टाइप करायचाही. वेगळं काही घ्यावं लागत नाही.

यादी बदलताना खाते क्रमांक सांभाळा

सगळ्यात महाग पडणारी चूक यादीत होते. एक्सेल कोणत्याही आकड्यातले फक्त पहिले १५ अंक धरून ठेवतं. बँक खातं १६ किंवा १७ अंकी असेल आणि तो आकडा म्हणून टाइप झाला, तर १५ च्या पुढचे अंक शून्य होतात. सुरुवातीचं शून्यही गळतं. पडद्यावर फार मोठा फरक दिसत नाही, पण पैसे परत जातात.

१२ अंकी आधार क्रमांक एक्सेल आखूड करून, मध्ये इंग्रजी 'ई' आणि अधिकचं चिन्ह टाकून दाखवतं. एक्सेलमध्ये आतला क्रमांक शाबूत असतो. पण तशीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर जे पडद्यावर दिसतं तेच लिहिलं जातं आणि मूळ अंक कायमचे जातात.

उपाय असा. क्रमांक भरण्याआधीच तो रकाना निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा. सीएसव्ही करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडा, नाही तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. तयार झालेली सीएसव्ही एकदा नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांनी बघा, कारण एक्सेलमध्ये उघडली की ते पुन्हा आपल्या मनानं आकडे बदलतं. लिबरऑफिसचा 'कॅल्क' हा भाग सीएसव्ही उघडताना आधी विचारतो की कोणता रकाना मजकूर समजायचा. याद्यांचं काम करणाऱ्यांनी त्यासाठी तरी लिबरऑफिस ठेवावं.

फाइल लहान करणं, जोडणं, तोडणं

पोर्टलवर केबीची मर्यादा असते आणि ती प्रत्येक पोर्टलची वेगळी असते. १ एमबी म्हणजे १०२४ केबी. स्कॅन करताना थोडा विचार केला तर नंतर दाबून लहान करायची वेळ येत नाही.

ए-४ कागद ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचा फोटो तयार होतो. रंगीत असेल तर दाबण्याआधी तो साधारण २६ एमबी भरतो. तोच राखाडी रंगात त्याच्या एक तृतीयांश. तोच १५० डीपीआयवर घेतला तर ठिपके एक चतुर्थांश होतात. साध्या अर्जाला १५० ते २०० डीपीआय राखाडी पुरतो. फार दाबलेली फाइल पोर्टल घेतं, पण कार्यालयात शिक्का वाचता आला नाही की त्रुटी निघते. म्हणून अपलोड करण्याआधी फाइल मोठी करून बघा. आपल्याला वाचता येत नसेल तर साहेबालाही येणार नाही.

पानं जोडायला, तोडायला पीडीएफसॅम बेसिक हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं. जोडणं, तोडणं, फाइल लहान करणं, फोटोचं पीडीएफ करणं हे सगळं एकाच जागी पाहिजे असेल तर विंडोजसाठी पीडीएफ२४ क्रिएटर मोफत मिळतं, धंद्यासाठीसुद्धा. त्याच नावाची ऑनलाइन सेवाही आहे. कॉम्प्युटरवर टाकायचं ते 'क्रिएटर'. फोटो लहान करायला विंडोजमधलं पेंट पुरतं. त्यात 'रिसाइज' मध्ये पिक्सेल टाकता येतात. इरफानव्ह्यू हलकं आणि वेगवान आहे, पण ते घरगुती वापरालाच मोफत. सेवा केंद्राला त्याचं लायसन्स घ्यावं लागतं.

मोबाइलवरून कागद मागवताना समोरच्याला व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबतं आणि बारीक अक्षर जातं.

ऑनलाइन साइटवर टाकू की नको?

'मोफत पीडीएफ टू वर्ड' असं शोधलं की ढिगानं साइट येतात. त्यातल्या काही नामांकित आहेत आणि काम नीट करतात. पण कोणतीही ऑनलाइन साइट म्हटली की आपली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या डेन्व्हर कार्यालयानं याच प्रकाराबद्दल इशारा दिला होता. फाइल बदलून देतो म्हणणाऱ्या काही साइट बदललेल्या फाइलसोबत व्हायरस देतात आणि चढवलेल्या फाइलमधून नाव, बँकेची माहिती, पासवर्ड काढून घेतात, असं त्यात सांगितलं होतं.

ॲपचंही तसंच. कागद स्कॅन करणारं कॅमस्कॅनर गावोगाव वापरात होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत घातक कोड सापडला होता, आणि २९ जून २०२० ला भारत सरकारनं बंद केलेल्या ५९ ॲपांत त्याचं नाव होतं.

म्हणून साधा नियम ठेवा. जो कागद गावच्या पारावर चिकटवायला हरकत नाही, तोच ऑनलाइन साइटवर टाका. आधार, पॅन, पासबुक, सातबारा, खरेदीखत, जातीचा दाखला, दवाखान्याचे कागद हे आपल्याच कॉम्प्युटरवर बदला. सेवा केंद्रात काम झाल्यावर आपल्या फाइल 'डाउनलोड्स' मधून आणि रिसायकल बिनमधूनही काढून टाकायला सांगा. मागायला लाजू नका, तो आपला हक्क आहे. फसवणूक होऊन पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

या फाइल बदलूच नका

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून ऑनलाइन मिळतो. त्याची खरी किंमत त्या फाइलच्या आत असलेल्या सहीत आहे. त्या पीडीएफचं वर्ड केलं, दोन पीडीएफ जोडल्या, फाइल दाबून लहान केली किंवा 'प्रिंट टू पीडीएफ' नं पुन्हा काढली, की सही जाते. वरचं हिरवं चिन्ह किंवा मजकूर दिसत राहतो, पण तो नुसता फोटो उरतो. मूळ फाइल ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडली तर सहीनंतर फाइलमध्ये बदल झाला का ते कळतं. बदललेल्या फाइलमध्ये तपासायला काही राहत नाही.

म्हणून उतरवलेली मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि जे काय करायचं ते तिच्या प्रतीवर करा. बँकेनं किंवा कार्यालयानं मूळ मागितली तर ती जशीच्या तशी ईमेलनं द्या. ई-आधारचंही असंच. त्याला आठ अक्षरी पासवर्ड असतो : नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. काही पोर्टल पासवर्डची फाइल घेत नाहीत. तेव्हा आपल्याच कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकून उघडा आणि प्रत काढा. पासवर्ड काढून देणाऱ्या साइटवर ती टाकू नका.

निजामकाळातले कागद स्कॅन करताना

जालना १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्यामुळं इथले जुने कागद उर्दूत आणि मोडीत सापडतात. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून घराघरांतल्या ट्रंका उघडल्या गेल्या आणि असे कागद स्कॅन करायला लोक येऊ लागले.

मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ पासून जागा आहे. पण हातानं लिहिलेली मोडी वाचून देईल असं वर सांगितलेलं कोणतंही सॉफ्टवेअर नाही. ते काम मोडी जाणकाराचंच. कॉम्प्युटरचं काम एवढंच, की जाणकाराला अक्षर नीट दिसावं.

असा कागद किमान ३०० डीपीआयवर आणि रंगीतच स्कॅन करा. काळ्या-पांढऱ्यात फिकट शाई, डाग आणि शिक्का यांतला फरक मरतो. कागद 'स्वच्छ' करणारा कोणताही फिल्टर लावू नका. मूळ स्कॅन पीएनजीत ठेवा, कारण जेपीजी प्रत्येक वेळी नव्यानं सेव्ह केली की थोडी बिघडते. जपून ठेवायची पीडीएफ लिबरऑफिसमधून काढताना 'पीडीएफ/ए' हा पर्याय निवडा. दीर्घकाळ टिकवायच्या कागदांसाठी हे मानक २००५ पासून आहे. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. कागद मूळचा असेल तर लॅमिनेशन करू नका.

थोडक्यात निवड

- अर्ज, ठराव, पत्र लिहून पीडीएफ करायला : लिबरऑफिस, किंवा लायसन्सचं वर्ड.
- स्कॅन करून पीडीएफ आणि मराठी मजकूर काढायला : नॅप्स२.
- पानं जोडायला, तोडायला : पीडीएफसॅम बेसिक.
- फाइल लहान करायला, फोटोचं पीडीएफ करायला : पीडीएफ२४ क्रिएटर.
- फोटोचा आकार बदलायला : विंडोजमधलं पेंट.
- खाते क्रमांकाच्या याद्या बदलायला : लिबरऑफिस कॅल्क.
- जुन्या मराठी फॉन्टच्या फाइलला : त्याच फॉन्टचं युनिकोड साधन, वरचे शब्द तपासून.
- डिजिटल सहीची फाइल : बदलायची नाही.

सॉफ्टवेअर घेताना ते बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच उतरवा. शोधल्यावर सगळ्यात वर 'जाहिरात' असं लिहिलेली साइट येते, ती मूळची असतेच असं नाही. पानावर तीन-चार 'डाउनलोड' बटणं नाचत असतील तर मागं फिरा. टाकताना प्रत्येक पानावर काय खूण केलेली आहे ते वाचा, सोबतीचं नको ते सॉफ्टवेअर तिथंच घुसतं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं आहे, त्यामुळं अशा कॉम्प्युटरवर अनोळखी साइटवरून काही उतरवताना दुप्पट जपा.

आणि शेवटच्या तारखेची वाट बघू नका. नवं सॉफ्टवेअर टाकलं की एखादा बिनकामाचा कागद घेऊन त्यावर आधी सगळं करून बघा : पीडीएफ करा, ती मोबाइलवर उघडा, प्रिंट काढा, मूळ कागदाशी ताडा. त्यात अर्धा तास जातो. अर्ज त्रुटीत निघाला तर तालुक्याला एक चक्कर आणि एका दिवसाची मजुरी जाते.